मालदीवचें नवें चलन

‘फुटक्या कवडीची किंमत नाहीं’ असें आपण सहज बोलून जातों. परंतु एके काळीं कवडी हें खरोखरीचें नाणें होतें, आणि तिचा मोठा पुरवठा मालदीव बेटांतून होत असे. १३४३ सालीं तेथें पोंचलेला व पुढें कांहीं काळ काजी झालेला इब्न बतूता सांगतो कीं, बेटवाले कवड्या बंगाल्यांत पाठवीत व मोबदला म्हणून तांदूळ घेत. समुद्रानें दिलेलें विकावें आणि अन्न विकत आणावें, हेंच या देशाचें अर्थशास्त्र. पर्यटन हा त्याच इतिहासाचा अलीकडचा अध्याय होय, असें आम्हांस वाटतें.

१९ व्या शतकांत इंग्रजी नाण्यांपुढें कवडीचें चलन मोडलें. पुढें देश वाळविलेल्या मासळीवर जगला. तिचें मुख्य गिऱ्हाईक श्रीलंका. १९६५ सालीं ब्रिटिशांचें संरक्षण संपून मालदीव स्वतंत्र झाला, आणि थोडक्याच वर्षांत परकीय चलनाच्या टंचाईमुळें श्रीलंकेनें ती खरेदी आखडती घेतली. अशा अडचणींत, १९७२ सालीं, विहामानाफुशी या निर्जन बेटावर प्रवाळाच्या दगडांच्या व नारळाच्या झांवळ्यांच्या कुटी उभारून ‘कुरुंबा’ हें पहिलें विश्रामस्थान उघडलें. त्या वर्षीं हजाराच्या आसपास प्रवासी आले. १९८१ सालीं हुळुले येथील विमानतळ मोठ्या विमानांस योग्य झाला आणि युरोपची वाट मोकळी झाली.

या वाढीचें सूत्र ‘एक बेट, एक विश्रामस्थान’ असें होतें. सरकारनें ओसाड बेटें भाडेपट्ट्यानें दिलीं. पाहुण्यांचें मद्य व मोकळेपणा तेथेंच राहावा आणि मुसलमानी गांवांची रीत अबाधित राहावी, हा हेतु. तो बऱ्याच अंशीं सिद्धीस गेला. पण त्याची किंमतही पडली. गांवचा कोळी त्या बेटावर पाय ठेवी तो चाकर म्हणूनच; पुष्कळशीं कामें परदेशी मजुरांकडे गेलीं, आणि नफ्याचा ओघ माले शहरांतील थोड्या घराण्यांकडे वळला. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहें काढण्यास मोकळीक मिळाली, तेव्हां कोठें माफुशीसारख्या गांवचा गृहस्थ स्वतः यजमान झाला. आमच्या मतें या इतिहासांतील खरी क्रांति ती हीच.

२०२२ च्या खानेसुमारींत ज्या देशाची लोकसंख्या ५ लाखांच्या थोडी वर भरली, तेथें २०२४ सालीं २० लाखांहून अधिक प्रवासी उतरले. हें वैभव मोठें खरें. परंतु तें किती नाजूक आहे हेंही दिसून चुकलें आहे. बेटांची उंची समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटर. १९९८ सालीं तापलेल्या पाण्यानें प्रवाळ पांढरें पडलें. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीची लाट आली. २०२० सालीं महामारीमुळें कित्येक महिने दारेंच बंद राहिलीं.

कवडीचें मोल मालेंत नव्हे, बंगालच्या बाजारांत ठरे. पाहुण्याचें मोलही परक्या देशांच्या सुबत्तेवर ठरतें. मात्र कवडी गेली तेव्हां बेटवाल्यांजवळ एकेक मासा गळानें धरण्याची विद्या शिल्लक होती. वल्हें टाकून तबक हातीं घेणारी पिढी ती विद्या विसरली, तर पुढचें चलन ती कशाच्या बळावर शोधणार?