दप्तरात आजोबा सापडतात, आजी कुठे?



आज आपण घरच्या आठवणींविषयी बोलणार आहोत. इतिहासाच्या व्याख्यानाला हा काय विषय, असं कुणाला वाटेल. लढाया नाहीत, राजे नाहीत, तह नाहीत. जातं, चूल, पाणी, लग्नं, उधारी, दुष्काळ, हेच सगळं आहे. पण आपल्या जिल्ह्यापुरता तरी हाच विषय सध्या सगळ्यात निकडीचा आहे, असं आम्हाला वाटतं. का, ते सांगतो.

२०२३ साल आठवा. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचं उपोषण झालं, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या प्रश्नाच्या राजकारणात आज आपल्याला जायचं नाही. आपण एवढंच पाहू, की त्या काही महिन्यांत गावोगावी काय घडलं. लोकांनी माळ्यावरच्या पेट्या खाली काढल्या. पणजोबाचं नाव काय, खापरपणजोबाचं काय, हे म्हाताऱ्या माणसांना विचारलं जाऊ लागलं. ज्या कागदांकडे पन्नास वर्षं कुणी बघितलं नव्हतं, ते कागद मोडी वाचणाऱ्याकडे, उर्दू वाचणाऱ्याकडे घेऊन लोक फिरू लागले. एरवी इतिहास म्हटलं की 'ते शाळेतलं' म्हणणारी माणसं आपल्याच घराचा इतिहास शोधायला लागली.

आणि त्या शोधात एक गोष्ट लक्षात आली. दप्तरात आजोबा सापडतात. आजी सापडत नाही.

आता हे असं का, ते बघू. निजामाच्या राज्यात सरकारी भाषा उर्दू, वर्ष फसली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे कागदावर १३५० असेल तर ते साधारण १९४०-४१ समजावं. महिनेसुद्धा आजूर, दय, बहमन असे. गावपातळीवरचं लिखाण बरेचदा मोडीत. पुढे पन्नासच्या दशकात खासरा पत्रकं झाली, मग सात-बारा आला. या सगळ्या कागदांना हवं काय होतं? जमीन कुणाची, सारा किती, कूळ कोण, कर्ज कुणाचं. त्यामुळे कागदात येतो तो खातेदार, आणि खातेदार बहुतेक पुरुष. बाईचं नाव येतं ते नवरा गेल्यावर, मुलगा अज्ञान असल्यावर. तेही कसं? 'गंगाबाई भ्र. रामजी'. भ्र. म्हणजे भ्रतार. तिच्या नावाच्या मागे लगेच नवऱ्याचं नाव उभं. आणि 'गंगाबाई' हे तरी तिचं जन्माचं नाव असेल का? लग्नात नाव बदलायची चाल. माहेरी ती ठकू असेल, सोनी असेल, सासरी आल्यावर गंगा झाली. माहेरचं नाव ज्यांना ठाऊक होतं ती माणसं गेली की ते नावही गेलं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदावर, आईचं नाव लावणं महाराष्ट्रात सक्तीचं झालं. चांगलीच गोष्ट आहे. पण ती पुढच्यांची सोय झाली. मागच्यांचं काय?

दुसरी अडचण आपल्या प्रदेशाची आहे. समजा, एखादी बाई १९३८ साली अंबड तालुक्यात जन्मली आणि त्याच तालुक्यात नांदली. ती जागची हलली नाही. पण तिची राज्यं किती झाली बघा. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. मग भारतातलं हैदराबाद राज्य. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य. १ मे १९६० पासून महाराष्ट्र. जिल्हा आधी औरंगाबाद, आणि १ मे १९८१ पासून जालना. परतूरकडची असेल तर आधीचा जिल्हा परभणी. नाणंसुद्धा बदललं. हाली रुपया वेगळा, कलदार वेगळा; सात हालीला सहा कलदार असा हिशेब. प्रत्येक बदलाबरोबर दप्तर बदललं, भाषा बदलली, काही कागद हलले, काही गहाळ झाले. हे सगळं सलग पाहिलेलं एकच दप्तर आहे, ते म्हणजे त्या म्हातारीचं डोकं.

मग आजी सापडते कुठे? ती सापडते जात्यावर.

पहाटे दोघी जावा समोरासमोर बसायच्या, खुंटा दोघींच्या हातात, आणि तोंडाने ओवी चालू. सासूचा जाच, भावाची वाट, लेकीचं लग्न, पंढरीची वारी, पावसाने दिलेली ओढ, सगळं त्यात यायचं. ज्या घरात मोठ्याने बोलायची सोय नव्हती, त्या घरात गाऊन सांगायची सोय होती. साने गुरुजींनी ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचं मोठं काम उभं केलं, इंदिरा संतांनी 'मालनगाथा' सिद्ध केली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी तर कार्यकर्त्या बायकांना बरोबर घेऊन महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. हे काम आज 'परी' या संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतं. ज्या बाईला सही करता येत नव्हती तिचं म्हणणं तिच्या नावानिशी, गावानिशी तिथे आहे. कुठल्याही सरकारी दप्तरात तिला अशी जागा मिळाली नव्हती.

पण जातं बंद पडलं. गावात पिठाची गिरणी आली. बायकांचे पहाटेचे दोन तास वाचले, खांदे वाचले. कुणीही शहाणा माणूस त्याबद्दल हळहळणार नाही. मात्र जात्याबरोबर ओवीची जागाही गेली. आज म्हातारीला 'ओवी म्हणा' म्हटलं तर ती म्हणते, 'नुसती कशी येईल? हात फिरला पाहिजे.' हे खरं आहे. आठवण ही कामाला चिकटलेली असते. म्हणून आठवणी विचारताना कामाचं विचारावं. 'तुमचं आयुष्य सांगा' म्हटलं की ती म्हणणार, 'आमचं काय असतंय सांगण्यासारखं?' पण 'पेवातून ज्वारी काढताना कोण उतरायचं?' असं विचारा. मग बघा. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी आतली कोंदट हवा जाऊ द्यायची, इथपासून ते त्या वर्षी कुणाचं लग्न होतं आणि कुणी रुसलं, इथपर्यंत सगळं येतं.

आता लिहिण्याबद्दल. आपल्या जिल्ह्याला याची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, साल १६०८. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर कसं असावं, ओळी कशा असाव्यात, कागद, शाई, लेखणी कशी असावी, इतक्या बारकाव्याने त्यांनी सांगितलंय. ही शिकवण आपण पारायणात वाचतो, पण आपल्या घरात वही किती जणांकडे आहे?

आणि साध्या माणसाने, त्यातही बाईने, आपलं जगणं लिहिलं की काय होतं, हे मराठीने पाहिलेलं आहे. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली आल्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. लक्ष्मीबाई लग्नानंतर अक्षरं शिकल्या, आणि आज मराठी गद्याचं नाव काढलं की त्यांचं पुस्तक आधी आठवतं. बेबीताई कांबळे फलटणला किराणा दुकान चालवायच्या. पुडी बांधायला आलेल्या रद्दीतलं वाचायच्या. त्यांनी 'जिणं आमुचं' घरात लपवून ठेवत लिहिलं. त्यातलं महारवाड्यातलं रोजचं जगणं, उपासमार, बाळंतपणं, बाबासाहेबांमुळे आलेलं भान, यातलं किती सरकारी कागदांत मिळालं असतं?

एक शंका नेहमी विचारली जाते. आठवणींवर विश्वास कसा ठेवायचा? म्हातारी माणसं सालं चुकवतात. बरोबर आहे, चुकवतात. आपल्या शाळांच्या जुन्या रजिस्टरमध्ये निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा असतो की नाही? शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजींनी पोराच्या अंगापिंडाकडे बघून वय ठरवलं आणि १ जून टाकला. म्हणजे कागदही चुकतो! फरक एवढाच, की कागद खात्रीने चुकतो आणि म्हातारी 'तवा मी एवढी होते' असं हात दाखवून चुकते. तिची कालगणना वेगळी असते. 'रझाकाराच्या साली', 'बहात्तरच्या दुष्काळात', 'थोरल्याच्या पाठीवर'. या खुणा जुळवल्या की साल एक-दोन वर्षांच्या अंतराने निघतं.

आणि चूकसुद्धा फुकट जात नाही. इटलीतले अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या कारखान्यांच्या गावात काम केलं. तिथे लुईजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनात मारला गेला. पण गावातले बरेच कामगार सांगायचे, की तो १९५३ साली, कामगारांना मोठ्या संख्येने कामावरून काढलं तेव्हाच्या संघर्षात गेला. पोर्तेल्लींनी हे खोटं म्हणून सोडून दिलं नाही. ते म्हणाले, गावाला सगळ्यात खोल लागलेला घाव नोकऱ्या जाण्याचा होता, म्हणून गावाने तो मृत्यू तिथे नेऊन ठेवला. घटना कधी घडली ते कागद सांगेल. ती कुठे लागली, ते आठवण सांगते. आपल्याला दोन्ही पाहिजेत, आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवायला पाहिजेत.

बहात्तरचा दुष्काळ घ्या. सरकारी कागदात कामं किती निघाली, मजूर किती, मजुरी किती, हे सगळं आहे. रोजगार हमीचा जन्म त्या काळातला, पुढे १९७७ साली त्याचा कायदा झाला. हे महत्त्वाचंच आहे. पण खडी फोडायला जाताना तान्ह्या लेकराला कुठे निजवलं? सुकडी कुणी खाल्ली, कुणी लाजेने घरी नेली? मिलोच्या भाकरीची चव कशी होती, ती थापताना का तुटायची? ज्या घराने कधी दुसऱ्याच्या बांधावर काम केलं नव्हतं, त्या घरची सून पहिल्या दिवशी पाटी उचलायला गेली तेव्हा तोंडावर पदर घेऊन गेली का? हे मस्टरवर नाही. आणि दुष्काळ एकट्या बहात्तरचा नाही. २०१२-१३ साली जालन्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, शहर टँकरवर जगलं. त्याच्या आठवणी तर तिशीतल्या माणसांकडे आहेत. त्यांनाही वाटतं, हे काय लिहायचं, परवाचंच तर आहे.

एक नाजूक गोष्टही बोलली पाहिजे. १९४८. रझाकारांच्या भीतीने इकडची कुटुंबं हद्द ओलांडून वऱ्हाडाकडे गेली. त्या आठवणी घरोघर आहेत आणि दर १७ सप्टेंबरला त्या जाग्या होतात. पण पोलीस कारवाईनंतर राज्यातल्या अनेक मुसलमान कुटुंबांवरही संकट कोसळलं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची पाहणी केली, तो अहवाल कितीतरी दशकं लोकांपुढे आला नव्हता. त्या आठवणीही घरोघर आहेत, फक्त त्यांना ठरलेला दिवस नाही. नोंद करणाऱ्याने दोन्ही ओट्यांवर बसलं पाहिजे. तिथे न्यायाधीश होऊन बसू नये. ऐकणारा होऊन बसावं. आणि कुणी म्हणालं, 'हे लिहू नको', तर लिहू नये. ज्याची आठवण, त्याची मर्जी आधी.

आता काम कसं करायचं, ते थोडक्यात सांगतो. मोबाईल प्रत्येकाकडे आहे, त्यात आवाज नोंदवा. परवानगी विचारून. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव तुम्ही स्वतः बोला. बाईला दोन्ही नावं विचारा, माहेरचं आणि सासरचं. नवऱ्याचं नाव ती घेणार नाही, उखाण्यात घेईल, तर तो उखाणाही नोंदवा. बोली सुधारू नका. 'लई' म्हटलं तर 'लई'च लिहा, 'फार' करू नका. वस्तू समोर ठेवा. जुना फोटो, तांब्याचा हंडा, लग्नातली साडी. आणि घरातले सगळे एकदम बसू नका, कारण मोठा मुलगा जवळ असला की बरेचदा तोच उत्तरं देतो आणि म्हातारी गप्प बसते. झालेलं बोलणं आठवड्याभरात वहीत उतरवा. मोबाईल बिघडतो, वही टिकते.

हे सगळं आताच का? साधा हिशेब करा. १९४८ साली दहा वर्षांचं असलेलं माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. बहात्तरला जी वीस वर्षांची सून होती, तिने सत्तरी ओलांडली. जुन्या दप्तराला वाळवी लागली तर निदान दुसऱ्या दप्तरात नक्कल सापडायची आशा असते. या माणसांची नक्कल कुठेच नाही.

तेव्हा विनंती एवढीच. २०२३ साली पेटी काढली होती ना, ती पुन्हा एकदा काढा. आजोबांच्या कागदांच्या गठ्ठ्यावर एक नवी वही ठेवा, आणि तिच्या पहिल्या पानावर आजीचं माहेरचं नाव लिहा. ते ठाऊक नसेल तर आज घरी गेल्यावर पहिला प्रश्न तोच विचारा.