तारेची साक्ष

तराजू हाती घेतला की जाणता दुकानदार प्रथम रिकामी पारडी उचलून पाहतो. एखादे पारडे किंचित झुकत असेल तर दुसऱ्या बाजूस पासंग बांधतो आणि मगच माल तोलावयास घेतो. पासंगाची ही रीत आपल्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. परंतु जी वस्तू डोळ्यांस दिसत नाही, हातास लागत नाही आणि निमिषार्धात निघून जाते, तिच्या तराजूचा पासंग कसा पाहावयाचा? विसाव्या शतकातील पदार्थविज्ञानात हा प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला. कधी ज्यास दोष समजले तेच सत्य ठरले, तर कधी ज्यास सत्य समजले त्यास दुसरा साक्षीदारच मिळाला नाही. कणांचा माग काढणाऱ्या वायूच्या नळ्यांचा इतिहास आम्हांस मनोरंजक वाटतो तो याच कारणाने.

ही नळी म्हणजे मोठे गूढ यंत्र नव्हे. धातूची एक नळी, तिच्या मध्यातून ताणलेली बारीक तार, आत विरळ वायू, आणि तार व नळी यांच्यामध्ये हजार-दीड हजार व्होल्टांचा विद्युद्दाब, एवढाच तिचा संसार. विद्युद्भारित कण वायूतून गेला म्हणजे वाटेतील अणूंवरील काही इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते तारेकडे ओढले जातात. तारेजवळ विद्युत्क्षेत्र अतिशय तीव्र असल्यामुळे त्यांचा वेग इतका वाढतो की धडकेसरशी ते इतर अणूंवरील इलेक्ट्रॉनही सोडवितात. एकाचे दोन, दोहोंचे चार असे होत पावसाळ्यात घाटात दरड कोसळावी तसा त्यांचा लोंढा तारेवर येऊन आदळतो. मूळ कणाची शक्ती नगण्य असली तरी हा लोंढा मोजता येतो. धडकेने आयन वाढत जातात हे तत्त्व जॉन टाउनसेंड यांनी शतकाच्या आरंभीच प्रतिपादन केले होते. त्याचा उपयोग एकेक कण मोजण्याकडे प्रथम केला तो १९०८ साली मँचेस्टर येथे अर्नेस्ट रदरफर्ड आणि त्यांचे तरुण जर्मन सहकारी हान्स गायगर यांनी.

एक ग्रॅम रेडियममधून दर सेकंदास किती आल्फा कण बाहेर पडतात, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. तोपर्यंत कण मोजण्याचा एकच मार्ग ठाऊक होता. जस्ताच्या सल्फाइडाचा लेप दिलेल्या पडद्यावर कण आदळला की बारीकशी ठिणगी चमकते. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून या चमका मोजीत बसावयाचे! रदरफर्ड यांना हे काम मुळीच सोसत नसे. आपण दोन मिनिटांतच वैतागून उठतो आणि गायगर मात्र रात्रभर मोजीत बसतो, असे त्यांनीच एका मित्रास पत्राने कळविले होते. परंतु कंटाळ्याहून मोठी अडचण वेगळीच होती. प्रत्येक कणाची चमक दिसतेच, हे कशावरून? दहांपैकी चार कण पडद्यावर मुकाट्याने विरून जात असतील तर सगळेच गणित कोसळेल.

म्हणून त्यांनी नळी तयार केली. एका लांब निर्वात नळीच्या टोकाशी किरणोत्सर्गी पदार्थ ठेवला आणि मध्ये इतके लहान छिद्र ठेवले की मिनिटाला दोन-चारच कण मोजणीच्या नळीत शिरावेत. कण शिरला की विद्युन्मापकाची सुई झटका देई. आमच्या मते त्यांची खरी थोरवी पुढच्या पायरीत आहे. सुईचे झटके आणि पडद्यावरील चमका यांची त्यांनी परस्परांशी ताडून पाहणी केली, आणि प्रयोगाच्या चुकीच्या मर्यादेत दोन्ही संख्या सारख्या आल्या. ज्या दोन साक्षीदारांची कधी गाठभेट झाली नाही त्यांनी एकच हकिगत सांगावी, तसे हे झाले. नळीने पडद्याची परीक्षा केली आणि पडद्याने नळीची. एक ग्रॅम रेडियममधून दर सेकंदास ३४ अब्ज कण निघतात असे उत्तर आले. आज ते सुमारे ३७ अब्ज मानतात. याच मोजणीवरून त्यांनी विद्युद्भाराचे मूळ एकक काढले. ते आजच्या मान्य आकड्याहून शेकडा तीनच्या आसपासच कमी भरले. त्या वेळचा प्रचलित आकडा पुष्कळच खाली होता.

पुढील वीस वर्षे गायगर यांना एका उपद्रवाने सतावले. नळीजवळ कोणताही किरणोत्सर्गी पदार्थ नसला तरी अधूनमधून झटके येतच राहत. तारेवरील खरखर, धातूतील अशुद्धी असे नाना तर्क झाले. उपकरणाचा दोष समजून हे झटके दूर करण्याच्या मागे बरेच जण लागले होते. १९२८ साली कील येथे गायगर यांचे शिष्य वाल्टर म्यूलर यांनी नळीभोवती धातूचे जाड कवच रचून पाहिले, तेव्हा झटके कमी झाले. तारच खोटे बोलत असती तर बाहेर कवच घातल्याने तिची सवय सुटण्याचे कारण नव्हते. ते झटके विश्वकिरणांचे होते. व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली फुग्यातून पाच हजार मीटरांच्या वर जाऊन ज्यांचा सुगावा लावला होता, तेच हे किरण. पासंग समजून जे काढून टाकावयाचे, तोच माल निघाला!

एक नळी कण आला एवढेच सांगते. तो कोठून आला हे सांगत नाही. १९२९ साली बोटे आणि कोलहोर्स्टर यांनी एकावर एक दोन नळ्या ठेवून त्यांच्यामध्ये चार सेंटिमीटरांहून थोडी जाड सोन्याची वीट घातली आणि दोन्ही नळ्या एकदम झटका देतात तेवढेच प्रसंग मोजले. इतके सोने ओलांडूनही बहुतेक कण पलीकडे गेले. ब्रूनो रॉसी यांनी फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री येथे हीच युक्ती तीन-तीन नळ्यांपर्यंत नेली. येथून नळी ही नुसती मोजणारी न राहता वाट दाखविणारी झाली.

ही विद्या आपल्याकडे आली ती होमी भाभा यांच्यामुळे. १९४५ साली स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांचे काम आरंभापासून होते. मुंबईतील त्या संस्थेने १९५१ च्या सुमारास आपली दृष्टी कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे वळविली आणि बी. व्ही. श्रीकंठन यांनी गणक खाली नेऊन निरनिराळ्या खोलीवर म्यूऑन मोजले. खोली वाढेल तसे ते विरळ होत गेले. पुढे सर्वांत खोल जागी उपकरण दोन महिने चालू ठेवले असता एकही गणना झाली नाही. सामान्य माणूस म्हणेल, मेहनत फुकट गेली. शास्त्रज्ञांना मात्र तेथे हवी होती ती निःशब्दता सापडली. अशा ठिकाणी एखादा कण आलाच तर तो न्यूट्रिनोने खडकात उत्पन्न केलेला असण्याचा संभव मोठा.

एम. जी. के. मेनन यांच्या पुढाकाराने मुंबई, जपानातील ओसाका आणि इंग्लंडातील डरॅम येथील शास्त्रज्ञांनी सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर आपली उपकरणे मांडली. त्यांत निऑन वायूने भरलेल्या काचेच्या नळ्यांच्या ओळी होत्या. कण जाताच त्यांवर क्षणभर उच्च विद्युद्दाब येई, कणाच्या वाटेवरील नळ्या तेवढ्या उजळत आणि कॅमेरा त्यांचे छायाचित्र घेई. दीपमाळेवरील नेमक्या काही पणत्या पेटाव्यात आणि त्यांवरून रेघ ओढता यावी, तशी ती रेघ दिसे. सगळे महत्त्व त्या रेघेच्या कोनास होते. वरून आलेला कण वातावरणातील म्यूऑन असू शकतो. परंतु जवळजवळ आडवा आलेला कण इतका खडक भेदून येणे शक्य नाही. तेव्हा नळ्यांची जागा आणि उपकरणाचा तोल यांवर निर्णय अवलंबून होता. १९६५ साली वातावरणातील न्यूट्रिनोंचा पुरावा येथे प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत रेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याच वर्षी तोच शोध लागला.

दरम्यान युरोपात नळ्यांचे रूपच पालटले. पोलंडात १९२४ साली जन्मलेले, फ्रान्समध्ये वाढलेले आणि दाखाऊच्या नाझी छळछावणीतून वाचलेले जॉर्ज शारपाक हे जिनीव्हाजवळील सर्न संस्थेत काम करीत. १९६८ साली त्यांनी एकाच सपाट पेटीत काही मिलिमीटरांच्या अंतराने अनेक तारा ताणल्या. इतक्या जवळच्या तारा एकमेकींचे संदेश चोरतील आणि सगळा गोंधळ होईल अशी भीती होती. परंतु कणाची खरी वाट ज्या तारेजवळून जाते तिच्यावर ऋण संदेश येतो आणि शेजारणींवर उलट धन, असे दिसून आले. त्यामुळे प्रत्येक तार स्वतंत्र साक्षीदार ठरली. छायाचित्रे तपाशीत बसण्याचे काम सरले आणि मोजणीचा वेग हजारपटींनी वाढला. पुढे इलेक्ट्रॉनांस तारेपर्यंत पोहोचावयास किती वेळ लागतो तो मोजून कणाची जागा याहूनही बारकाईने काढता येऊ लागली. १९९२ चे नोबेल पारितोषिक शारपाक यांना मिळाले ते याच कार्यासाठी.

मात्र साक्षीदार वाढले की त्यांची पारखही वाढते. आर्गॉनच्या मिश्रणात इलेक्ट्रॉन एका मायक्रोसेकंदात साधारणतः पाच सेंटिमीटर सरकतो. परंतु मिश्रणाचे प्रमाण, दाब वा उष्णतामान बदलले की ही चाल बदलते. प्राणवायूचा अंश आत शिरला तर तो वाटेतच इलेक्ट्रॉन गिळतो. म्हणून लोह-५५ सारखा ठराविक क्ष-किरण देणारा पदार्थ नळीजवळ धरून संदेश केवढा येतो ते वारंवार पाहावे लागते. तो किरण आर्गॉनात दोनशेहून थोडे अधिक इलेक्ट्रॉन सोडवितो, हे आधीच ठाऊक असते. सोनाराची कसोटीची रेघ ती हीच. जमिनीवर विश्वकिरणही या कामी येतात, कारण तळहातावरून दर सेकंदास एखादा तरी म्यूऑन जातच असतो. खोल खाणीत हा फुकटचा पासंग मिळत नाही.

कोलारला १९८० साली दुसरा मोठा प्रयोग सुरू झाला. प्रोटॉन हा अमर नसून कधी तरी नाश पावतो, असे सिद्धान्ती सांगत होते. सुमारे १४० टन लोखंड आणि त्यामध्ये वायूने भरलेल्या चौकोनी नळ्यांचे ३४ थर रचून भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञ वाट पाहू लागले. १९८१ साली त्यांनी प्रोटॉनच्या नाशाचे वाटतील असे तीन प्रसंग प्रसिद्ध केले. जगभर खळबळ उडाली. परंतु नळीची रुंदी दहा सेंटिमीटर. एवढ्या जाड लेखणीने काढलेल्या रेघेवरून तो प्रोटॉनचा अंत की न्यूट्रिनोची धडक, हे निर्विवाद सांगणे कठीण होते. नंतर अमेरिकेतील आणि जपानातील पाण्याच्या प्रचंड टाक्यांत असा प्रसंग आढळला नाही. तारा खोटे बोलल्या असे म्हणण्यास आम्हांस आधार दिसत नाही. त्यांनी काही तरी खचित पाहिले. १९०८ प्रमाणे दुसरा साक्षीदार मात्र पुढे आला नाही. पुढे प्रयोग थांबला आणि २००१ साली खाणीही बंद झाल्या.

तशाच घडणीच्या, सहा मीटर लांबीच्या ३७०० हून अधिक नळ्या आज निलगिरीत उटकमंड येथील ग्रेप्स-३ या प्रयोगात म्यूऑन मोजीत आहेत. तेथे कण भरपूर, आणि म्हणून पारखही सतत. १ डिसेंबर २०१४ रोजी वादळी ढग वरून जात असताना सुमारे अठरा मिनिटे म्यूऑनांची संख्या शेकडा दोनच्या आसपास घटली. एरवी असली घट वायूचा दाब बदलला, उपकरण बिघडले म्हणून कोणी सोडून दिली असती. परंतु नळ्यांचा पासंग ठाऊक होता. दाबाचा व उष्णतामानाचा परिणाम वजा करूनही घट उरली. तिच्यावरून त्या ढगातील विद्युद्दाब सुमारे १३० कोटी व्होल्ट होता असे गणित निघाले आणि ते २०१९ साली प्रसिद्ध झाले. फुगे आणि विमाने ढगांत पाठवून तोवर जे मोजले होते, त्याच्या दसपटीजवळ हा आकडा जातो.