मथळ्याची काटकसर

बातमी केवढीही मोठी असो, मथळा एका कॉलमातच मावला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतल्या मोठ्या दैनिकांना हा हुकूम संपादकाने नव्हे, यंत्राने सोडला होता. रिचर्ड हो याच्या छपाईयंत्रात अक्षरांचे खिळे फिरत्या सिलिंडरवर बसवलेले असत. ते उडू नयेत म्हणून कॉलमांमधल्या पट्ट्या पाचरीसारख्या ठोकाव्या लागत. मथळा दोन कॉलमांवर पसरायचा तर पट्टी तोडा, आणि खिळे वेचत बसा!

मग मथळे उभे वाढले. १५ एप्रिल १८६५ च्या ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये सर्वांत वर ‘भयंकर घटना’ एवढेच आहे. खाली लिंकन यांच्यावर मारेकऱ्याने गोळी झाडल्याची ओळ, तिच्याखाली फोर्ड नाट्यगृहाची... उतरंड वाचली की निम्मी बातमी कळलीच.

पुढे अख्ख्या पानाची वक्र प्लेट ओतता येऊ लागली आणि पट्ट्यांचा जाच सुटला. १८९८ मध्ये हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही युद्धनौका बुडाली, तेव्हा पुलित्झरचे ‘वर्ल्ड’ आणि हर्स्टचे ‘जर्नल’ पानभर रुंद मथळ्यांनी गरजले. अक्षर थोराड झाले, शब्दांची जागा आटली. उपसंपादक अक्षरे मोजू लागले: साधे अक्षर एक, ‘एम’ दीड, ‘आय’ अर्धे. अशा हिशेबात ‘इन्व्हेस्टिगेशन’ला कोण विचारतो? त्याच्या जागी ‘प्रोब’ बसला.

या काटकसरीचा कळस ‘व्हरायटी’ या अमेरिकी मनोरंजन-व्यवसायाच्या साप्ताहिकाने १७ जुलै १९३५ रोजी गाठला: ‘स्टिक्स निक्स हिक पिक्स’. खेड्यातले प्रेक्षक खेड्यांवरचे सिनेमे नाकारतात, एवढाच त्याचा अर्थ. पण यमक असे की बातमी विसरून लोकांनी मथळाच लक्षात ठेवला.

इंग्रजी मथळ्याने ‘ए’, ‘द’ गाळले. मराठीत ते नव्हतेच, म्हणून कात्री क्रियापदावर चालली. ‘मुख्यमंत्री आज दिल्लीत’ यात ‘आहेत’ची उणीव भासत नाही, शेवटचा ‘त’ सगळे निभावतो. इंग्रजी मथळ्यात नामांची रांग लागली की कोणी कोणाला काय केले, याचा घोळ होतो. मराठीत विभक्ती बहुधा वाचवते.

शब्दांची चैन मात्र सुटलेली नाही. चोर नुसता पकडला जात नाही, ‘जेरबंद’ होतो. महापालिकेची किरकोळ दंडवसुलीही ‘बडगा’च ठरते. उलट ‘असे ते म्हणाले’ यासाठी एक आडवी रेघ पुरते: ‘निवडणूक स्वबळावर – प्रदेशाध्यक्ष’.