कडेमचा पूर आणि पावसाच्या तीन बखरी

ऑगस्ट 1958 मध्ये आदिलाबाद जिल्ह्यात कडेम नदीवर नव्याने बांधलेले धरण फुटले. सेकंदाला सुमारे 14,700 घनमीटर पाणी आले, ते माथ्यावरून 46 सेंटिमीटर उंचीने वाहू लागले आणि डाव्या बाजूचा बांध 137 मीटर रुंदीने वाहून गेला. उजव्या अंगालाही दोन भगदाडे पडली. हे आकडे धरणांच्या इतिहासात नोंदले गेले आहेत. परंतु त्या दिवसांत वरच्या डोंगरात, बोथ आणि उटनूरच्या रानात, कोठे किती पाऊस पडला, हे सांगणारा साक्षीदार कोण? जुलै 2022 मध्ये त्याच धरणाकडे पाच लाख क्युसेकहून अधिक पाणी धावत आले आणि हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. कारण 1958 चा आकडा क्युसेकमध्ये मांडला तर तोही पाच लाखांच्या थोडा पुढेच जातो.

आज या प्रश्नाची उत्तरे तीन ठिकाणी शोधता येतात. पहिले ठिकाण म्हणजे पर्जन्यमापकांच्या नोंदी. दुसरे, संपूर्ण पृथ्वीसाठी तयार केलेले हवामानाचे पुनर्विश्लेषण. तिसरे, केवळ भारत व शेजारच्या प्रदेशांसाठी तयार केलेले पुनर्विश्लेषण. पुनर्विश्लेषण म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. जुनी निरीक्षणे, म्हणजे वायुभार, वारा, तापमान, फुग्यांनी आणलेली वरच्या थरांची माहिती आणि उपग्रहांचे वेध, एकाच संगणकीय प्रारूपात क्रमाने घालून गतकाळातील वातावरण तासातासाने पुन्हा उभे करावयाचे. 1988 मध्ये लेनार्ट बेंगत्सन आणि उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यात जन्मलेले जगदीश शुक्ला यांनी ही कल्पना आग्रहाने मांडली. इतिहासकाराला ती परकी वाटू नये. विस्कळीत कागदपत्रांवरून सुसंगत हकिगत रचणे हाच त्याचाही व्यवसाय आहे, आणि त्यातील धोकेही तेच आहेत.

अमेरिकेच्या पहिल्या मोठ्या पुनर्विश्लेषणात एक चौकट सुमारे 210 किलोमीटर लांबीरुंदीची होती. पेनगंगेपासून गोदावरीपर्यंतचा सारा जुना आदिलाबाद जिल्हा तिच्या एका कोपऱ्यात मावला असता. युरोपीय केंद्राच्या ‘एरा-5’ मध्ये ती 31 किलोमीटरांवर आली. नोएडाचे राष्ट्रीय मध्यम अवधी हवामान अंदाज केंद्र, ब्रिटनचा हवामान विभाग आणि भारतीय हवामानशास्त्र विभाग यांनी मिळून रचलेल्या ‘इम्डा’ या प्रादेशिक संचात ती 12 किलोमीटरांची आहे. कडेमचे पाणलोट क्षेत्र अडीच हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे ‘एरा-5’ च्या जेमतेम अडीच चौकटी आणि ‘इम्डा’च्या सतरा-अठरा. ज्या प्रदेशात डोंगराच्या एका अंगाला ढग फुटतो आणि दुसऱ्या अंगाची कापसाची शेते कोरडी राहतात, तेथे हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही.

तथापि बारीक चौकट म्हणजे अचूक चौकट, असे मानण्याची घाई करू नये. मोठ्या चौकटींच्या प्रारूपांत रिमझिम पावसाचे दिवस फार होतात आणि अतिवृष्टीची धार बोथट होते, ही जाणत्यांची तक्रार जुनी आहे. कापूस पेरून आभाळाकडे पाहणाऱ्याच्या दृष्टीने ही रिमझिम फसवी. तिच्यामुळे पावसाचा खंड कागदावरून नाहीसा होतो. आपला हवामान विभाग 2.5 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तो पावसाचा दिवस धरीत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे. ‘इम्डा’त डोंगराळ भागातील पावसाचे बारकावे अधिक स्पष्ट उमटतात, पण काही भागांत पाऊस वाजवीपेक्षा अधिक दाखविण्याकडे त्याचा कल असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे.

मग निवाडा करावयाचा कशावरून? अर्थात पर्जन्यमापकावरून. भारतातील पावसाच्या बाबतीत ही तुलना निःपक्षपाती ठरते. कारण या दोन्ही पुनर्विश्लेषणांत आपल्या पर्जन्यमापकांचे आकडे घातलेले नाहीत, पाऊस प्रारूपातूनच निपजतो. पण आदिलाबादेत या न्यायाधीशाचीही कुळकथा तपासावी लागते, आणि आमच्या मते या विषयातील खरी इतिहासाची बाजू तीच आहे.

1905 मध्ये निजामाच्या राज्यात हा जिल्हा झाला. त्या राज्याचा कारभार फसली सनाने चाले. त्या सनात 590 मिळविल्यावर इसवी सन साधारणपणे हाती लागतो, कधी 591 मिळवावे लागतात. पावसाची मापे इंचांत आणि सेंटांत. 1956 मध्ये राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे मराठीबहुल तालुके मुंबई राज्यात आले. राजुरा पुढे 1959 मध्ये चांदा जिल्ह्यात गेला. 2016 मध्ये उरलेल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. तेव्हा ‘आदिलाबाद जिल्ह्याची सरासरी’ असे म्हणताना 1950 ची, 1990 ची आणि 2020 ची भूमी एक नाही, हे कोणीतरी सांगावयास हवे. माणसांनी ओलांडलेली सीमा ढगांनी कधी मानली नाही. नोंदवह्यांनी मात्र मानली. किनवटच्या सरी मराठवाड्याच्या हिशेबात आणि शेजारच्या बोथच्या सरी तेलंगणाच्या हिशेबात जाऊ लागल्या.

शिवाय मापक बहुधा तालुक्याच्या गावी, कचेरीच्या आवारात. गोंडांच्या वस्त्या असलेल्या डोंगरात ते विरळच. पाच इंच व्यासाच्या तोंडाने शेकडो चौरस किलोमीटरांच्या वतीने साक्ष द्यावयाची! हवामान विभागाने 1901 पासूनचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत मांडला आहे, तो संच अत्यंत मोलाचा आहे. पण जेथे मापक नाही तेथील चौकट शेजारच्या मापकांवरून भरलेली असते. अशा चौकटीशी पुनर्विश्लेषण जुळले नाही तर दोष कोणाचा, हे आधीच ठरवून चालत नाही. घड्याळाचीही एक गोम आहे. मापक सकाळी साडेआठला वाचला जातो. जागतिक वेळेचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला पालटतो. हे तीन तास न जुळविता तुलना केली, तर पहाटेची सर एका दिवसाची दुसऱ्या दिवशी जमा होते आणि प्रारूपाला नाहक शिक्षा होते.

आता कडेमकडे परत येऊ. ‘इम्डा’चा आरंभ 1979 चा, उपग्रहांच्या युगाबरोबरचा. 1958 त्याच्या कक्षेबाहेर आहे. ‘एरा-5’ 2023 मध्ये 1940 पर्यंत मागे नेण्यात आला, त्यामुळे त्या ऑगस्टचे वातावरण त्यात सापडते. पण अडीच चौकटींत, आणि उपग्रहांच्या साक्षीवाचून. म्हणून धरणाच्या सुरक्षिततेचा हिशेब मांडणाऱ्याने ‘एरा-5’ मधून त्या वेळचे कमी दाबाचे क्षेत्र कोठून कोठे सरकले एवढे घ्यावे, पावसाचे आकडे घेऊ नयेत. तशाच वाटेने आलेल्या 1979 नंतरच्या वादळी पावसांत ‘इम्डा’ डोंगरात काय दाखवितो, ते पाहावे. आणि बोथ, उटनूर, निर्मलबरोबरच सीमेपलीकडच्या किनवटच्या जुन्या नोंदवह्या काढाव्यात. एका पाणलोटाभोवतीची ही दप्तरे 1956 पासून दोन राज्यांच्या हिशेबात विभागली गेली आहेत. ती एका टेबलावर आणण्यासाठी संगणक लागत नाही.