शिकेकाई, सल्फेट आणि तेलकट डोकं



हल्ली आमच्या घरातल्या पोरीबाळी शाम्पूची बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचतात. "सल्फेट नाही ना?" हे आधी बघायचं आणि मग किंमत. वाचतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यातल्या ज्यांचं डोकं मुळातच तेलकट, त्यांची दोन-तीन आठवड्यांत कुरकुर सुरू होते... नैसर्गिक शाम्पू आणला, फेस येत नाही, केस दुसऱ्याच दिवशी चिकट! "आजी, तुम्ही शिकेकाईने न्हायचात तेव्हा कसं भागायचं?" हा प्रश्न इतक्या वेळा आला की एकदाचं नीट लिहून काढावं म्हटलं. मास्तरीण असल्यामुळे सुरुवात अर्थातच इतिहासापासून!

आधी शब्दाचंच बघा. 'शाम्पू' हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला. हिंदीत 'चाँपना' म्हणजे दाबणं, रगडणं. आपण 'पाय चेपणे' म्हणतो त्यातलाच अर्थ. अठराव्या शतकात इंग्रजीत हा शब्द गेला तो अंग रगडून घेणे या अर्थाने. पाटण्याला 1759 साली जन्मलेले शेख दीन महंमद ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या सैन्याबरोबर वाढले आणि 1784 मध्ये आयर्लंडला गेले. 1794 साली त्यांनी इंग्रजीत स्वतःच्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं, 1810 मध्ये लंडनला हिंदुस्थानी खाणावळ काढली (ती चालली नाही), आणि पुढे ब्रायटनच्या समुद्रकिनारी औषधी वाफेचं स्नान आणि मालिश सुरू केलं. ते इतकं गाजलं की चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचे ते 'शाम्पूइंग सर्जन' झाले! त्या शाम्पूत साबणाचा थेंब नव्हता. 'डोकं धुणे' हा अर्थ एकोणिसाव्या शतकात चिकटला आणि 'डोकं धुण्याचं द्रव्य' हा त्याच्याही नंतर. म्हणजे आपल्याकडून चंपी गेली आणि परत आली ती फेसाची बाटली होऊन.

आता आपल्या घरातली गोष्ट. शिकेकाई ही काटेरी वेल, तिच्या वाळलेल्या शेंगा वापरायच्या. डोंगरातले लोक त्या जंगलातून गोळा करून बाजारात आणत. जोडीला रिठा आणि आवळकाठी. काही घरांत नागरमोथा, गव्हला-कचोरा, मेथ्या, संत्र्याची वाळवलेली साल. रात्री भिजत घालायचं, सकाळी उकळायचं, कुस्करून गाळायचं. शिकेकाई आणि रिठा या दोन्हींत 'सॅपोनिन' नावाची द्रव्यं असतात. त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला, त्यामुळे तेल सुटून पाण्याबरोबर जातं. साबण असो, शाम्पू असो की रिठा, युक्ती हीच. सोनार दागिने उजळायला रिठा वापरतात आणि रेशमी लुगडी रिठ्याच्या पाण्यात धुतात, ते याचसाठी.

शिकेकाईचे दोन मोठे गुण आहेत. एक म्हणजे तिचं पाणी किंचित आंबट, म्हणजे आम्लधर्मी असतं. आपल्या डोक्याची त्वचाही तशीच आम्लधर्मी, साधारण साडेपाच पीएच. त्यामुळे केसांवरचे सूक्ष्म खवले मिटून राहतात आणि केस मऊ लागतात. दुसरं म्हणजे जड पाण्यातही सॅपोनिनचं काम चालतं. विहिरीचं, बोअरचं खारट पाणी असलेल्या गावांत हा गुण फार मोलाचा होता.

साबणाचं याच्या अगदी उलट. साबण अल्कलीधर्मी, पीएच नऊ-दहाच्या घरात. त्याने केसांचे खवले उभे राहतात, केस राठ होतात, गुंततात. शिवाय जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग झाला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो पांढरट थर बसतो ना, तोच केसांतही बसतो. साबणानंतर लिंबाचं पाणी ओतायची जुनी रीत होती, ती याच कारणाने. आणि 'शिकेकाईचा साबण' म्हणून जी वडी मिळते, तिच्यात शिकेकाई असली तरी ती शेवटी साबणच असते, हेही लक्षात ठेवावं.

साबणाच्या या अडचणीतूनच सल्फेट जन्माला आलं. बर्लिनच्या हान्स श्वार्झकॉफ यांनी 1903 मध्ये पुडीतला शाम्पू काढला आणि 1927 मध्ये पातळ शाम्पू. मग 1930 नंतरच्या दोन-चार वर्षांत जर्मनीत आणि अमेरिकेत तेलापासून बनवलेल्या फॅटी अल्कोहोलवर सल्फेट जोडून नवी धुण्याची द्रव्यं बाजारात आली. अमेरिकेत 1934 साली 'ड्रीन' हा असा पहिला शाम्पू विक्रीला आला. जड पाण्यात साका नाही, भरपूर फेस, आणि केस स्वच्छ. साबणाने डोकं धुणाऱ्या बायकांना ही जादूच वाटली असणार.

यातली गंमत ऐका. सोडियम लॉरिल सल्फेटमधलं 'लॉरिल' येतं लॉरिक आम्लाच्या घराण्यातून, आणि खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्लच असतं. आजही हे सल्फेट बऱ्याचदा खोबऱ्याच्या किंवा पामच्या बियांच्या तेलापासून बनवतात. म्हणजे जे तेल आपण डोक्याला चोपडतो, त्याच्याच भावंडाने ते धुऊन काढतो! मग नैसर्गिक कुठलं आणि रासायनिक कुठलं? रिठा तर झाडावरचा, पण डोळ्यांत गेला की काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. रिठ्याच्या जातीच्या फळांनी डोहातले मासे गुंगवून पकडण्याची पद्धतसुद्धा होती. निसर्गातलं म्हणून सौम्यच, असं काही नसतं.

आपल्याकडे शाम्पू बरीच वर्षं शहरातल्या पैसेवाल्यांचाच राहिला. तो गावोगाव पोचला तो पुडीमुळे. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी छोट्या पुड्यांत माल विकायची कल्पना रुजवली. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी 1983 साली पंधरा हजार रुपयांवर वेगळा धंदा सुरू केला आणि 'चिक' शाम्पूची पुडी घराघरांत नेली. 1999 मध्ये तर ती पन्नास पैशांना मिळू लागली. त्या पुड्यांचं प्लास्टिक आज गटारांत आणि ओढ्यांत अडकलेलं दिसतं, तो हिशेब वेगळा आहेच. पण बायकांनी ती पुडी इतक्या चटकन का उचलली, याचा विचार आपण फारसा करत नाही.

मला यात जाहिरातीपेक्षा वेळ महत्त्वाचा वाटतो. शिकेकाईचं न्हाणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम होतं. भिजवणं, उकळणं, गाळणं, बंब पेटवणं. गुडघ्यापर्यंत केस असलेल्या बाईला एकटीला न्हाता यायचं नाही, पाणी ओतायला दुसरी बाई लागायची. केसांतला चोथा निघेपर्यंत तांब्यामागून तांब्या. मग केस वाळवणं, ऊद दाखवणं, गुंता काढणं. हे सगळं करणारे हात घरातल्या बायकांचेच. 'पूर्वीचं सगळं किती नैसर्गिक होतं' असं जेव्हा ऐकते तेव्हा मला ते हात आठवतात. आमच्या शाळेत नोकरी करणाऱ्या सगळ्या जणींचं न्हाणं रविवारवर ढकललेलं असायचं. दहा मिनिटांत, कुणाची मदत न घेता, कुठल्याही वारी डोकं धुता येणं ही आमच्या पिढीला मिळालेली छोटी का होईना, पण खरीखुरी मोकळीक होती. नैसर्गिकाची किंमत रुपयांत नव्हती म्हणून ती फुकट होती असं नाही.

असो. आता सल्फेटच्या भीतीकडे येते. 1998 च्या सुमारास एक ईमेल जगभर फिरला की शाम्पूतल्या सल्फेटमुळे कॅन्सर होतो. त्याला पुरावा नव्हता आणि आजही नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने 1983 सालीच या द्रव्यांची तपासणी करून, लावून लगेच धुऊन टाकायच्या वस्तूंत ती सुरक्षित असल्याचं म्हटलं होतं. मात्र सोडियम लॉरिल सल्फेट त्वचेला झोंबतं हे खरं. म्हणूनच शाम्पूत आता बहुधा त्याचं सौम्य रूप, लॉरेथ सल्फेट, वापरतात. ते बनवताना 1,4-डायॉक्सेन नावाची नकोशी अशुद्धी अल्प प्रमाणात राहू शकते, म्हणून न्यूयॉर्क राज्याने 2022 च्या अखेरीपासून तिच्यावर कडक मर्यादा घातली. म्हणजे काळजी घ्यायला जागा आहे, घाबरायला नाही.

मग सल्फेट नको हे फॅड आलं कुठून? बरंचसं कुरळ्या, कोरड्या आणि रंगवलेल्या केसांच्या जगातून. लॉरेन मॅसी यांचं कुरळ्या केसांवरचं पुस्तक 2001 च्या सुमारास आलं आणि तो विचार पसरला. कुरळ्या केसांत डोक्याचं तेल टोकापर्यंत उतरत नाही, त्यामुळे त्यांना सौम्य धुणंच मानवतं. त्यांच्यासाठी सल्ला योग्यच होता. पण पुढे तोच सल्ला सगळ्या डोक्यांना लागू झाला, अगदी तेलकट डोक्यांनाही!

तेलकट डोक्याची मेख अशी की तेल बनवतात त्वचेतल्या ग्रंथी, आणि त्यांना हुकूम मिळतो तो मुख्यतः हार्मोन्सचा. म्हणूनच वयात येणाऱ्या मुलामुलींची डोकी जास्त तेलकट. 'कमी वेळा धुतलं की डोक्याला सवय होते आणि तेल कमी सुटतं' असं हल्ली सांगतात. पण क्लिगमन आणि शेली या अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी 1958 सालीच मांडलं होतं की वरचं तेल पुसलंय की राहिलंय, हे बघून ग्रंथी आपलं काम कमी-जास्त करत नाहीत.

आता माझा सल्ला, मास्तरणीच्या थाटात:

डोकं तेलकट असेल तर एक दिवसाआड धुवा, लागलं तर रोज. त्यात पाप नाही. सौम्य शाम्पू वापरायचा असेल तर केस आधी कोमट पाण्याने पूर्ण भिजवा आणि शाम्पू दोनदा लावा. पहिल्यांदा फेस येत नाही, कारण तेल फेस मारतं. दुसऱ्यांदा येतो. फेस आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाम्पू बोटांच्या पेरांनी डोक्याच्या त्वचेवर चोळा, लांबीवर नको. कंडिशनर फक्त टोकांना.

'सल्फेट नाही' एवढंच वाचून थांबू नका. ओलेफिन सल्फोनेट नावाचं द्रव्य अशा बाटल्यांत असतं, ते नावाने सल्फेट नसलं तरी तितकंच कडक. आणि सौम्य म्हणून वापरलं जाणारं कोकामिडोप्रोपिल बीटेन काहींना सोसत नाही. 2004 साली अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या एका संस्थेने त्याला 'वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ' ठरवलं होतं. खाज सुटली, पुरळ आलं, तर बदला.

तेल लावू नका असं मी म्हणणार नाही. मुंबईच्या रेले आणि मोहिले या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं की धुण्याआधी लावलेल्या खोबरेलाने केसातली प्रथिनं कमी निघून जातात. पण तो फायदा केसांचा. तेलकट डोक्याच्या त्वचेवर रात्रभर तेल थापण्याची गरज नाही, आणि कोंडा असेल तर मुळीच नको, कारण त्याला कारण होणारी मॅलासेझिया ही बुरशी तेलावरच पोसते. टोकांना तासभर आधी थोडं लावा, पुरे.

आणि शिकेकाई? हौसेने जरूर करा. दिवाळीच्या अभ्यंगाला तर कराच! फक्त उकळण्याचं आणि गाळण्याचं काम घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्या, मुलांनी आणि जावयांनीसुद्धा.

तुमच्याकडे न्हाण्यात आणखी काय घालत, कोकणात, देशावर, विदर्भात काय वेगळं होतं, ते जरूर कळवा. वाट बघते.