अरण्यांतील राज्यशास्त्राचा वर्ग

राज्यशास्त्र हा शब्द उच्चारला कीं डोळ्यांपुढें राजधानी उभी राहते. विधिमंडळ, सचिवालय, न्यायालय आणि त्यांच्या सावलींत वाढलेलें विद्यापीठ, हाच त्या शास्त्राचा नेहमींचा परिसर होय. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रधान जिल्ह्यांचा इतिहास पाहिला असतां मात्र या समजुतीस धक्का बसतो. राज्य कोणाच्या संमतीनें चालावें आणि वनावर अंतिम सत्ता कोणाची, हे प्रश्न येथें सरपण, बांबू आणि मध यांच्या निमित्तानें विचारले गेले आहेत.

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजीं झाली, तेव्हां हा सारा मुलूख मध्यप्रांतांतील चांदा या एकाच जिल्ह्यांत मोडत असे. पुढें १९३५ च्या कायद्यान्वयें अहेरीची जमीनदारी आणि गडचिरोली तहशिलींतील धानोरा, रांगी, मुरुमगांव इत्यादि जमीनदाऱ्या ‘अंशतः वगळलेलें क्षेत्र’ म्हणून ठरविण्यांत आल्या. कायदेमंडळाचा कायदा गव्हर्नरच्या आज्ञेवांचून तेथें लागू होत नसे. १९४० मध्यें ग्रिग्सन या आय.सी.एस. अधिकाऱ्याकडे प्रांतांतील आदिवासींच्या स्थितीची चौकशी सोपविण्यांत आली व त्याचा विस्तृत अहवाल १९४४ मध्यें प्रसिद्ध झाला. ग्रिग्सनच्या कळकळीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. तथापि ज्यांच्याविषयीं तो अहवाल होता, त्यांच्या हातीं तो पडण्याजोगा नव्हता. तो इंग्रजींत होता आणि त्याचा वाचक कचेरींत बसलेला होता. गोंड व माडिया हे त्या काळीं अभ्यासाचे विषय होते. अभ्यासकांत त्यांची गणना नव्हती.

स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्यें, जमीनदाऱ्या नष्ट झाल्या आणि त्यांखालील वनें शासनाच्या ताब्यांत गेलीं. जमीनदार गेला हें इष्टच झालें. परंतु त्याबरोबर गांवाचा निस्तार, म्हणजे सरपण, घरासाठीं लांकूड, गुरांसाठीं चराई यांचा परंपरागत हक्क, हळूहळू सवलतीच्या पायरीवर उतरला. १९५६ मध्यें चांदा जिल्हा मध्यप्रदेशांतून मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्रांत, आणि १९८२ मध्यें त्यांतून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला. नकाशे बदलत गेले. जंगलांत पाऊल टाकणाऱ्या माणसाची अडचण मात्र तीच राहिली.

धानोऱ्याजवळ, कठाणी नदीच्या परिसरांत, मेंढा नांवाचें एक लहानसें गोंड वस्तीचें गांव आहे. शेजारच्या लेखा गांवाशीं जोडून त्यास मेंढा-लेखा असेंहि म्हणतात. १९८० नंतरच्या दशकांत इंचमपल्ली व भोपालपट्टणम् येथील नियोजित धरणांविरुद्ध जें आंदोलन झालें, त्यांत बाबा आमटे व लालश्याम शाह यांच्याबरोबर या भागांतील आदिवासी मोठ्या संख्येनें उतरले. त्या चळवळीनंतर मेंढ्यांत निराळ्याच प्रकारचें काम सुरू झालें. गांवचे देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहकार्यानें १९८७ च्या सुमारास तेथें अभ्यासगटाची पद्धति रुजली. ‘दिल्ली-मुंबईत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गांवाची. तिच्या पहिल्या अर्धांत राज्यसंस्थेचा स्वीकार आहे, दुसऱ्या अर्धांत तिची मर्यादा आहे. आणि या दोहोंची सांगड कशी घालावी, हा तर राज्यशास्त्राचा मूळ प्रश्न होय.

अभ्यासगटाची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली आहे. गटांत गांवकरी बसतात, बाहेरचा जाणकारहि बसतो. वनाचा कायदा, मजुरीचे दर, जुने दप्तर, जो विषय असेल त्याची चिकित्सा होते. परंतु गटाला निर्णयाचा अधिकार नाहीं. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोहि बहुमतानें होत नाहीं. सर्वांची संमति मिळेपर्यंत विषय पुन्हा पुन्हा चर्चेस येतो. जाणकाराचें ज्ञान आणि गांवाची सत्ता यांत अशी रेषा आंखल्यामुळें विद्वानाची हुकूमत गांवावर बसत नाहीं. मधमाशा न मारतां मध कसा काढावा हा प्रश्नहि याच रीतीनें अभ्यासाचा झाला. सर्वसंमतीच्या पद्धतीवर आक्षेपहि घेतां येतो: वडीलधाऱ्यांपुढें तरुणांची वा स्त्रियांची जीभ अडखळली, तर त्या मौनास संमति म्हणावें काय? हा आक्षेप टाळण्याजोगा नाहीं. प्रामाणिक संशोधकानें प्रथम तोच हातीं घेतला पाहिजे.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें गांवाच्या सामूहिक हक्कास मान्यता दिली आणि २००९ मध्यें मेंढा गांवास सुमारें १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील पहिल्या गांवांत मेंढ्याची गणना होते. त्याच वर्षीं एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ विदुषीस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. सामाईक वस्तु कोणाचीच नसते, म्हणून तिचा नाश अटळ, असा सिद्धांत गॅरेट हार्डिन यांनीं १९६८ मध्यें मांडला होता. चराऊ रानें, पाटबंधारे, मासेमारी व वनें यांची असंख्य उदाहरणें तपासून ऑस्ट्रॉमबाईंनीं दाखविलें कीं, वापरणारे लोक स्वतः नियम करतात आणि स्वतःच राखण करतात, तेथें सामाईक संपत्ति पिढ्यान् पिढ्या टिकते. मात्र वरिष्ठ सत्तेनें लोकांचा हा अधिकार मान्य केला पाहिजे, ही अटहि त्यांनीं नोंदविली आहे. मेंढ्यापाशीं नियम होते, राखण होती. मान्यता तेवढी नव्हती. आपल्या संशोधनमंडळास त्यांनीं १९७३ मध्यें ‘कार्यशाळा’ हें नांव दिलें, कारण विद्वत्ता ही सुतारकामासारखी एकमेकांशेजारीं बसून शिकावयाची कला आहे, अशी त्यांची धारणा होती. अभ्यासगटाची कल्पना याहून फार दूर नाहीं.

हक्कपत्र मिळालें तरी बांबू कापून बाहेर नेण्याच्या परवान्यावरून वाद राहिला. १९२७ च्या वनकायद्याप्रमाणें बांबू हा वृक्ष, तर २००६ च्या कायद्याप्रमाणें तो गौण वनोपज; एका गवताच्या व्याख्येवर गांवाचें उत्पन्न अडलें होतें. अखेर एप्रिल २०११ मध्यें केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितींत वाहतूक परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालें. त्याच वर्षीं गडचिरोली येथें गोंडवाना विद्यापीठाची स्थापना होऊन दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयें त्याच्या कक्षेंत आलीं. म्हणजे एकाच वर्षांत गांवाच्या हातीं परवाना आला आणि जिल्ह्याच्या हातीं विद्यापीठ आलें.

या दोहोंची गांठ पडते कीं नाहीं, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे. मिलिंद बोकील यांनीं ‘गोष्ट मेंढा गावाची’ हें पुस्तक मराठींत लिहिलें, त्यामुळें गांवाविषयींचें लेखन गांवाला वाचतां येण्याजोगें झालें. ग्रिग्सनच्या अहवालापासून येथवर येण्यास सहा दशकांहून अधिक काळ लागला. यापुढें राज्यशास्त्राचा विद्यार्थी गांवांत येईल, तेव्हां तो प्रश्नावली भरून घेऊन निघून जाणार, कीं आपला प्रबंध घेऊन ग्रामसभेपुढें परत येणार? पदवी त्याला पहिल्या मार्गानेंहि मिळेल. परंतु आपल्याविषयीं काय लिहिलें गेलें हें ऐकण्याचा आणि चुकलें असेल तेथें तें दुरुस्त करण्याचा गांवाचा अधिकार दुसऱ्याच मार्गानें सांभाळला जातो. आणि ज्या शास्त्राचा विषयच अधिकार हा आहे, त्यानें त्याचा प्रथम विचार केला पाहिजे.