पिंपरीची माती आणि रक्तातली बुरशी

आमच्या कवठे येमाईत बुरशी म्हटली की चाळीतला कांदा आठवतो, नाहीतर डाळिंबाची बाग. दहा वर्षांपूर्वी चुलतबहिणीची नात अठ्ठाविसाव्या आठवड्यातच जन्मली. वजन 940 ग्रॅम. तिसऱ्या आठवड्यात पुण्याच्या डॉक्टरांनी रक्तात बुरशी झाल्याचे सांगितले, तेव्हा घरातली म्हातारी म्हणाली, “बुरशी भाकरीला येती. लेकराच्या रगतात कशी यील?” उत्तर कुणालाच देता आले नाही. मी डॉक्टर नाही, जुने कागद वाचायची सवय तेवढी आहे. त्या प्रश्नामागे लागलो आणि थेट पिंपरीला जाऊन पोचलो.

म्हातारीचे फारसे चुकले नव्हते. तिच्या उमेदीच्या काळात हा आजार दिसतच नसे, कारण असे मूल तिथवर पोचत नसे. कमी दिवसांचे बाळ कापसात गुंडाळून शेकोटीच्या उबेला ठेवत; सातव्या महिन्यातले जगते, आठव्यातले नाही, अशी समजूत होती. किलोच्या आतले बाळ गारठ्याने किंवा श्वास न पेलल्याने पहिल्या काही दिवसांतच जाई. काचेची पेटी, व्हेंटिलेटर, शिरेतून दूध-पाण्याची सोय हे सगळे आले, बाळे पहिला आठवडा ओलांडू लागली, आणि बुरशीला वेळ मिळाला. कँडिडा नावाची ही बुरशी निरोगी माणसाच्याही तोंडात, आतड्यात मुक्कामाला असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा कागदासारखी पातळ, प्रतिकारशक्ती अर्धवट. तिला आवरून धरणारे जिवाणू प्रतिजैविकांनी मारलेले. वर शिरेत नळी. तिथून ती रक्तात उतरते आणि मूत्रपिंड, डोळे, मेंदू गाठते. म्हणजे ज्या उपायांनी बाळ जगते, त्यांच्याच वाटेने हा आजार येतो.

औषधांचा इतिहास मात्र मातीचा आहे. अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोघींनी व्हर्जिनियातल्या एका गोठ्याजवळच्या मातीतून निस्टॅटिन काढले आणि 1950 साली जाहीर केले. एक न्यूयॉर्कला, दुसरी ऑल्बनीला. नमुने टपालाने जात-येत. मग व्हेनेझुएलात ओरिनोको नदीकाठच्या मातीतून अँफोटेरिसिन आले. आणि त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यात, 1954 साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी हेच काम करू लागले. 1961 साली त्यांनी हॅमायसिन जाहीर केले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याचे नावच ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. पिंपरी म्हटली की लोकांना मोटारी आठवतात, हे नाव कुणी घेत नाही याची मला चुटपुट लागते. त्यांचेच भावंड ऑरिओफंजिन पिकांवरच्या बुरशीसाठी वापरात आले.

बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर येतो, त्याला गावात टाकणखार मधात कालवून लावत. दोन्ही गोष्टी तान्ह्याला धोक्याच्या. हॅमायसिनचे थेंब त्या ठिकाणी चांगले काम करत. पण या घराण्यातली औषधे आतड्यातून रक्तात जेमतेमच उतरतात. तोंडातला थर जातो, रक्तातली बुरशी तशीच राहते. शिरेतून द्यायचे तर वेगळेच संकट. ही औषधे बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला चिकटून तिथे भोके पाडतात. आपल्या पेशींतले कोलेस्टेरॉल त्याच जातकुळीचे, म्हणून मूत्रपिंडालाही झळ बसते.

यावर तोड निघाली ती औषध चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत, लायपोसोममध्ये, भरून देण्याची. दिल्लीत बिमलकुमार बच्छावत यांच्या प्रयोगशाळेत हे काम झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी लायपोसोमल अँफोटेरिसिन रुग्णांवर तपासले. बच्छावतांच्या गटाने 1990च्या दशकात हॅमायसिनही असे पिशवीत भरून पाहिले. उंदरांवर गुण आला. तिथून पुढे ते काचेच्या पेटीपर्यंत पोचले नाही.

औषधाइतकीच मोठी बाब हातांची. चंदीगडच्या पीजीआयमध्ये 1996 ते 1998 या काळात पिचिया अनोमला नावाच्या एरवी क्वचित आढळणाऱ्या यीस्टने 379 नवजात बाळांना आणि मुलांना गाठले. कर्मचाऱ्यांचे प्रबोधन केले, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आधीच बुरशीविरोधी औषध सुरू केले, तेव्हा साथ आटोक्यात आली. आगाऊ औषधाची ही कल्पना 2001 साली व्हर्जिनियातल्या एका चाचणीत पक्की झाली: किलोच्या आतल्या 100 बाळांपैकी निम्म्यांना फ्लुकोनॅझोल दिले, त्यांत एकालाही संसर्ग झाला नाही, उरलेल्या 50 पैकी 10 जणांना झाला. पण सरसकट दिले तर बुरशीही निर्ढावते, म्हणून जिथे हा संसर्ग जास्त आहे तिथेच ते द्यावे असे डॉक्टर मानतात.

बहिणीची नात बेचाळीस दिवसांनी घरी आली. बाळंतिणीच्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला म्हातारी आधी साबणाने हात धुवायला लावी. हे ती रुग्णालयाच्या दारात बसून शिकली होती. पोर आता चौथीत आहे. तिच्या शिरेतून गेलेले औषध ओरिनोकोकाठच्या मातीतले होते, पिंपरीचे नव्हे.